लठ्ठपणा : दोष पोटाचा की परिस्थितीचा?

जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या एम्सचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. समोसा, जिलेबी, वडापाव अशा पदार्थांत किती तेल आणि किती साखर असते, हे सांगणारे फलक तिथे लागणार अशी ती बातमी होती. त्यावर खूप विनोद झाले. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापा असा कोणताही आदेश नाही. खाण्यातल्या लपलेल्या तेल-साखरेची लोकांना जाणीव व्हावी, म्हणून कार्यालयांतून फलक लावावेत, एवढीच सूचना आहे. समोशाची चर्चा दोन दिवसांत संपली. पण ज्या प्रश्नासाठी ते फलक लावायचे होते तो प्रश्न आपल्या घरात, आपल्या वस्तीत तसाच बसून आहे.

वस्त्यांमध्ये तपासणीसाठी फिरताना एक वाक्य आम्ही नेहमी ऐकतो : “सिस्टर, मी त काहीच खात नाही, तरी अंग सुटून राहिलं.” घरातले लोक हसतात. आम्ही हसत नाही, कारण पुष्कळदा ती बाई खरेच बोलत असते. ती फार खात नाही. पण जे खाते ते काय आहे, कधी खाते, किती झोपते, तिच्या आईला गरोदरपणी काय मिळाले होते, या सगळ्याचा हिशेब तिच्या शरीरात लिहिलेला असतो. तो हिशेब समजून घेण्यासाठी हा लेख.

लठ्ठपणा म्हणजे नेमके काय?

शरीरात गरजेपेक्षा जास्त चरबी साठणे आणि त्यामुळे प्रकृतीला धोका होणे म्हणजे लठ्ठपणा. तो मोजायच्या दोन सोप्या रीती आहेत.

पहिली, बीएमआय. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागायचे. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो असेल, तर १.५५ गुणिले १.५५ म्हणजे सुमारे २.४. सत्तरला त्याने भागले की उत्तर येते सुमारे २९. युरोपीय माणसासाठी ३० च्या वर लठ्ठपणा मानतात. आपल्या भारतीय शरीरासाठी मात्र डॉक्टरांनी ही रेषा खाली आणली आहे : २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. हे मोठ्या माणसांचे माप आहे. मुलांसाठी वय आणि उंचीनुसार वेगळे तक्ते असतात. ते अंगणवाडीत आणि बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात.

दुसरी रीत, कंबरेचा घेर. ही आम्हाला जास्त उपयोगी वाटते, कारण तिला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सहज सोडावा आणि माप घ्यावे. पोट आत ओढू नये! बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांचा ९० च्या आत हवा. पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी सर्वांत वाईट. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि यकृतावरची चरबी यांचे मूळ तिथे असते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. इथे २५ ची रेषा धरली आहे. २३ ची धरली तर संख्या आणखी वाढेल. पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाचे प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५–१६) १.९ टक्के होते, ते पाचव्या फेरीत ४.१ टक्के झाले. पाच वर्षांत दुपटीहून जास्त.

त्याच पाहणीचे पुढचे पानही वाचा. त्याच महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत आणि ३५.२ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे. एकाच राज्यात, एकाच वस्तीत, कधी एकाच घरात आई लठ्ठ आणि मूल कुपोषित अशी जोडी दिसते. म्हणजे लठ्ठपणा हा आता सुखवस्तू माणसांचा आजार राहिलेला नाही. कुपोषण आणि लठ्ठपणा ही एकाच वाईट अन्नव्यवस्थेची दोन अपत्ये आहेत.

कारण पहिले : आजीची भूक, नातवाचे पोट

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांची त्यांनी इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली. आपल्याकडची बाळे सरासरी २.७ किलोंच्या आसपास, तिकडची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. बाळ दिसायला किडकिडे आणि आतून चरबीचे! शास्त्रज्ञांनी अशा बाळाला ‘बारीक पण लठ्ठ’ असे नाव दिले.

याच डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली.

असे का होते? आईला गरोदरपणी पुरेसे सकस अन्न मिळाले नाही की, बाहेरचे जग टंचाईचे आहे असे समजून गर्भाचे शरीर तयार होते. मिळेल ते साठवून ठेवायचे, अशी त्याची घडण होते. पुढे त्याच मुलाला भरपूर साखर-तेल मिळाले की ती घडण उलटते आणि वजन, मधुमेह, रक्तदाब लवकर मागे लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यातही असे परिणाम दिसले.

आता आपल्या समाजाकडे पाहा. हॉलंडची उपासमार काही महिन्यांची होती. आपल्या आज्या-पणज्यांची किती पिढ्यांची? गावाने टाकलेले शिळेपाके, पडीक काम, १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो, बाळंतपणानंतर आठवड्यात पुन्हा मजुरी. त्या भुकेचे ओझे आज नोकरीला लागलेल्या नातवाच्या कंबरेवर दिसत असेल, तर त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. पण हे ओझे म्हणजे नशीब नव्हे. आजची मुलगी आणि उद्याची आई नीट जेवली, तर ही साखळी तुटते.

कारण दुसरे : ताटातला बदल

विदर्भाचे जुने जेवण आठवा. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. गरिबीचे होते, पण त्यात चोथा होता आणि डाळ होती. आज रेशनवर अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. या धान्याने भूक भागवली, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण पोट भरणे आणि पोषण होणे यांत फरक आहे. डाळ, अंडी, भाजी, फळ विकत घ्यावे लागते आणि महागाईत तेच पहिल्यांदा कमी होते. मग ताटात भाताचा डोंगर आणि वरणाची धार!

प्रथिने कमी पडली की भूक लवकर लागते आणि माणूस पुन्हा भात-पोळी-बिस्किटांकडे वळतो. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने अनेक गरीब घरांतले स्वस्त मांस गेले. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. अंड्यासाठी पैसा नाही, आणि शाळेच्या फाटकाबाहेर मात्र पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट हजर. मूल काय खाणार? शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या मुलांच्या शाळेबाहेर जाऊन पाहा आणि मुख्याध्यापकांना विचारा.

कारण तिसरे : साखर, तेल आणि पाकीट

साध्या चहाचा हिशेब करू. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या आसपास, एका माणसाची, नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. कोल्ड्रिंकमध्ये दर १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते. छोटी बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला. वरून साखर प्यायल्याने भूकही भागत नाही.

तेल माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरते. चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते साडेतीन किलो. आपल्याकडे पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो, ते या महिन्यात लिहून ठेवा. तर्री-पोह्यावरची तर्री आणि सावजी रस्स्यावरचा तवंग महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. रोजच्या नाश्त्याला समोसा-कचोरी चालणार नाही.

पाकिटातल्या कारखानी पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये २० माणसांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, चरबी, मीठ आणि चोथा सारखेच ठेवले होते आणि पोटभर खायची मोकळीक होती. तरी कारखानी अन्नावर असताना माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. म्हणजे पाकीट अर्ध्यावर थांबवता येत नाही, हा केवळ मुलाचा हट्ट नाही. तो पदार्थच तसा बनवलेला असतो.

कारण चौथे : काम बदलले, हालचाल थांबली

एम्प्रेस मिलमध्ये १८७७ पासून आपल्या लोकांनी घाम गाळला. ती मिल २००२ मध्ये बंद झाली. पायी किंवा सायकलने पाळीला जाणाऱ्या कामगाराचा नातू आज संगणकासमोर, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑटोच्या सीटवर दहा तास बसतो. जेवण मात्र मिल कामगाराचेच राहिले.

मुलांचे तर मैदानच गेले. मोकळ्या जागांवर गाड्या उभ्या राहतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बाहेर पाठवता येत नाही. मग मोबाईल. जेवताना मोबाईल पाहणाऱ्या मुलाला पोट भरल्याची खूणच कळत नाही. मुलांना रोज किमान ६० मिनिटे आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल हवी. मुलींना वयात आल्यावर खेळू न देणे हेही लठ्ठपणाचे एक कारण आहे. सावित्रीमाईंच्या लेकींनी ते चालू देऊ नये.

कारण पाचवे : झोप, ताण, दारू

झोप कमी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याचा निरोप देणारे घटते. आम्ही परिचारिकांनी रात्रपाळ्या केल्या आहेत. पहाटे तीनला भाकरी-भाजीची नाही, गोड-तळणाची आठवण येते, हे अनुभवाने सांगतो. वॉचमन, कारखान्यातले कामगार, कॉल सेंटरची मुले यांची हीच गत. सततचा ताण, कर्जाची चिंता, कामाच्या ठिकाणचा अपमान यांनी शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि ते पोटावर चरबी चढवते. दारूच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, म्हणजे साखरेच्या जवळजवळ दुप्पट. पाचवे शील पाळणाऱ्याचे पोटही कमी सुटते!

कारण सहावे : आजार, औषधे आणि गैरसमज

थायरॉईड कमी काम करत असेल, बायकांत पीसीओएस असेल, तर वजन वाढू शकते. स्टेरॉइड, फिट्सची आणि मानसिक आजाराची काही औषधे, इन्सुलिन यांनीही वाढते. अशी औषधे मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. पण थायरॉईडमुळे वाढणारे वजन बहुधा थोड्या किलोंचेच असते. वीस किलोंचा दोष त्या एका गोळीवर टाकू नये. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनने अंग सुटते, हाही गैरसमज आहे. त्या ऑपरेशनने संप्रेरके बदलत नाहीत. बाळंतपणानंतरचे तूप-डिंकाचे लाडू, कमी झालेली हालचाल आणि वाढते वय यांचा तो परिणाम असतो.

आनुवंशिकताही असते. पण एकाच घरातल्या माणसांचा वंश जसा एक, तशी कढईही एक असते, हे विसरू नये.

मुलांबद्दल थोडे वेगळे

गुटगुटीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ, ही समजूत सोडावी. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर घरचे मऊ अन्न. चहात बुडवलेले बिस्कीट हे बाळाचे अन्न नव्हे. लहानपणी आणि किशोरवयात चरबीच्या पेशींची संख्या वाढते. पुढे वजन घटले तरी त्या पेशी फक्त लहान होतात, संख्येने फारशा घटत नाहीत. म्हणून लहानपणीच लक्ष द्यावे.

एक खूण लक्षात ठेवा. जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंचही असते. मूल लठ्ठ होत आहे आणि उंची मात्र थांबली आहे, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. मानेच्या मागे काळी मखमली कातडी दिसली, तर ती मळ समजून घासू नये. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. मूल रात्री जोरात घोरत असेल तरीही दाखवावे.

आणि मुलाला ‘ढोल्या’, ‘जाडी’ म्हणू नका. शरीरावरून, जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचा अन्याय आपण हजारो वर्षे सोसला. तो घरात लेकरावर करायचा नाही. चिडवलेले मूल लपून खाते आणि खेळायला जाणे बंद करते. वाढत्या मुलाला उपाशीही ठेवू नये. त्याचे वजन आहे तिथे रोखून उंची वाढू देणे, हाच बहुतेकदा उपाय असतो. बदल पूर्ण घराने करावा, एकट्या मुलाने नव्हे.

उपाय : घरात आणि विहारात

तथागतांच्या काळी कोसलचा राजा प्रसेनजित खूप भात खाऊन धापा टाकत त्यांच्यासमोर आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही आणि त्याला उपासही सांगितला नाही. जेवताना सजग राहून मात्रा ओळखणाऱ्याच्या वेदना कमी होतात, असा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितले आणि हळूहळू त्याचे जेवण कमी झाले, शरीर हलके झाले. राजालाही एकट्याला जमले नाही. शेजारी आठवण देणारा माणूस लागला. आपल्यालाही तसेच लागेल. म्हणून :

घरात : ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग डाळ-उसळ-अंडे-मासळी आणि पाव भाग भात किंवा भाकर. चहाची साखर दर आठवड्याला थोडी कमी. मुलांच्या डब्यात बिस्किटांऐवजी फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, हंगामात संत्रे. संत्र्याचा रस नको, फळच खावे. जेवताना मोबाईल बंद. रात्रीचे जेवण लवकर.

विहारात : वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या आधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून चालावे. महिन्यातून एका पौर्णिमेला कंबर, वजन आणि रक्तदाब मोजून वहीत लिहावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कोल्ड्रिंकऐवजी मठ्ठा द्यावा. दीक्षाभूमीवरच्या भोजनदानात बुंदीसोबत मोड आलेली मटकी, चण्याची उसळ, केळी द्यावीत. दान घेणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार हाही दानाचाच भाग आहे.

वस्तीत : नगरसेवकाकडे मैदान आणि चालायला फुटपाथ मागा. शाळेत अंडे मागा. रेशनवर डाळ आणि ज्वारी मागा. या मागण्या पथ्यपाण्याच्या नाहीत, हक्काच्या आहेत.

वजन घटवण्याच्या पावडरी विकणारे वस्तीत फिरतात. त्यांच्या हाती महिन्याची कमाई देऊ नका. इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया काही रुग्णांसाठी योग्य असतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाब तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, ती वर्षातून एकदा करावीच. वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. सत्तर किलोंच्या बाईला साडेतीन ते सात किलो, तेही सहा महिन्यांत. एवढे जमते.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. डॉ. सविता आंबेडकर त्यांच्या पथ्याची आणि इन्सुलिनची काळजी घेत होत्या. तरी १९५६ मध्ये, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. आज आजार लवकर ओळखण्याची साधने घराजवळच्या केंद्रात आहेत. शिकलेल्या समाजाने ती वापरली पाहिजेत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यासाठी शरीरही साथ देणारे हवे. या पौर्णिमेला विहारात जाताना शिंप्याची टेप सोबत न्या.

नमो बुद्धाय! जयभीम!